जुन्या वस्तूचे मोल कशाने ठरते ?

रत्नागिरी शहरातील उंच जागी थिबा राजवाडा उभा आहे. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा १८८५ मध्ये इंग्रजांच्या हाती सापडला. पुढील वर्षी त्यास रत्नागिरीस आणण्यात आले आणि १९१६ मध्ये येथेच त्याचा अंत झाला. त्याच्यासाठी बांधलेला हा राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. मिळणाऱ्या तनख्यात घरखर्च भागेना, तेव्हा राजकुटुंबाने बरोबर आणलेले जडजवाहीर थोडेथोडे करून विकले. अडचणीत विकल्या जाणाऱ्या दागिन्याची किंमत सोन्याच्या वजनावर आणि माणकाच्या आकारावर होते. तो कोणाच्या अंगावरचा, कोठल्या राजवाड्यातला, हे सांगणारा कागद त्याच्यासोबत गेला नाही, तर पुढच्या पिढीत तो केवळ एक जुना दागिना उरतो.

मंडालेच्या राजवाड्यातील जी राजचिन्हे इंग्रजांनी नेली, त्यांची गोष्ट निराळी झाली. ती लंडनच्या संग्रहालयात ठेवली गेल्याने त्यांची ओळख पुसली गेली नाही. १९६४ मध्ये ती ब्रह्मदेशास परत देण्यात आली आणि त्या देशाने त्यांतील हंसाच्या आकाराचे एक सुवर्णपात्र त्या संग्रहालयास भेट म्हणून दिले. एकाच राजघराण्याच्या या वस्तू. पण काहींचे नाव टिकले, काहींचे हरवले. जुन्या वस्तूंच्या मोलाचे रहस्य या फरकात आहे.

लिलावाची रीत

मोठ्या लिलावगृहात वस्तू आली की प्रथम तज्ज्ञ तिची पारख करतात. तिचा काळ, घडण, धातू, दुरुस्त्या आणि पूर्वीचे मालक यांची नोंद होते व त्यावरून अंदाजी किंमत छापली जाते. ज्या रकमेखाली वस्तू विकावयाची नाही, अशी राखीव किंमत मालक बहुधा ठरवून देतो. शेवटच्या बोलीवर हातोडा पडतो; परंतु खरेदीदारास त्यावर लिलावगृहाचे शुल्क द्यावे लागते. म्हणूनच वृत्तपत्रांत एकाच वस्तूच्या दोन किंमती कधी कधी वाचावयास मिळतात.

अंदाज हा अखेर अंदाजच असतो. एकाच वस्तूसाठी दोघे जण हट्टास पेटले, तर किंमत कोठल्या कोठे जाते. टिपू सुलतानाच्या शयनगृहातील तलवार मे २०२३ मध्ये लंडन येथे लिलावास आली. तिची अंदाजी किंमत १५ ते २० लाख पौंड होती. ती विकली गेली सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांस. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती जनरल बेअर्ड यास देण्यात आली होती. टिपूपर्यंत पोहोचणारा हा धागा अखंड होता, हेच तिचे बळ.

रघुजी भोसले यांची तलवार

महाराष्ट्रास अधिक जवळचे उदाहरण म्हणजे नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, पहिले रघुजी भोसले यांची तलवार. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथील लिलावात ती विक्रीस निघाली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळविली. हाताळणी, वाहतूक व विमा यांसह ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. ऑगस्ट २०२५ मध्ये तलवार मुंबईस पोहोचली.

या तलवारीत पोलाद थोडे आणि सोने त्याहून थोडे. मग एवढे मोल कशाचे ? तिचे पाते युरोपीय बनावटीचे, सरळ व एकधारी आहे. अशा पात्याच्या तलवारीस मराठ्यांत ‘फिरंग’ म्हणत. मुठीवर सोन्याचे कोफ्तगरी काम आहे. म्हणजे परदेशी पाते आणि देशी कारागिरी यांचा मेळ येथे दिसतो. पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा’ यांचे नाव आहे. सेनासाहेब सुभा हे पद छत्रपती शाहू महाराजांनी दिलेले. याच रघुजींच्या फौजा बंगाल-ओरिसापर्यंत पोहोचल्या होत्या. पात्यावरची ती अक्षरे नसती, तर ती एक सुबक जुनी तलवार म्हणून कोणा संग्राहकाच्या भिंतीवर राहिली असती.

मोलाची अंगे

या उदाहरणांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वस्तू अस्सल असणे. दुसरी, तिच्या मालकीची परंपरा कागदोपत्री दाखविता येणे. तिसरी, कारागिरी व दुर्मिळता. केवळ वय पुरेसे नसते. जुनी परंतु मुबलक वस्तू स्वस्तच राहते. चौथी गोष्ट म्हणजे वस्तूची स्थिती आणि पूर्णता. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे उदाहरण घ्यावे. (सावंतवाडी १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होती.) या डावात दहा रंग आणि प्रत्येकी बारा मिळून १२० पाने असतात. पेटीसह पूर्ण असलेला जुना डाव आणि चार पाने हरवलेला डाव यांची किंमत सारखी होऊ शकत नाही. पाचवी गोष्ट म्हणजे काळाची आवड. ती बदलते, म्हणून किंमतीही चढतात-उतरतात.

कोकणातील माळ्यावर

रत्नागिरी जिल्ह्यातील जुन्या घरांच्या माळ्यांवर आजही समया, घंगाळी, पानाचे डबे, हंड्या-झुंबरे आढळतात. घर पाडताना कोरीव खांब व चौकटी बाहेर निघतात. मुले मुंबई-पुण्यास, गावी वृद्ध माणसे. अशा वेळी मोडीचा व्यापारी दाराशी येतो आणि पितळ किलोवर जाते. यात घराचे नुकसान होते, आणि गावाच्या इतिहासाचे त्याहून अधिक.

दुसरे नुकसान हौसेने होते. जुन्या मूर्तीला चकचकीत करण्यासाठी चिंच, राख किंवा तेजाब लावून घासले, की वर्षानुवर्षे चढलेली झाक व बारीक अक्षरे दोन्ही झिजतात. लाकडी वस्तूला तैलरंग दिल्याने मूळ काम झाकले जाते. मऊ, कोरड्या फडक्याने धूळ पुसणे एवढेच घरी करावे. बाकीचे जाणकारावर सोडावे.

कायदा काय सांगतो ?

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आहे. त्यानुसार निदान शंभर वर्षांची कलावस्तू ही पुरावस्तू होय. शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितास ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तूची निर्यात केंद्र शासन वा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेशिवाय कोणासही करता येत नाही. करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड होऊ शकतो. देशात विक्री करण्यास मनाई नाही, परंतु या वस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो. शिल्पे, चित्रे, सचित्र पोथ्या अशा अधिसूचित वस्तूंची नोंदणी करून घेणे मालकावर बंधनकारक आहे. नोंदणीने मालकी जात नाही. उलट वस्तू चोरीस गेल्यास तीच नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते.

यासाठी प्रत्येक घरास सहज करता येण्यासारखे एक काम आहे. वस्तूचे छायाचित्र घ्यावे, तिची लांबी-रुंदी लिहावी, ती कोणी, केव्हा, कोठून आणली हे वडीलधाऱ्यांना विचारून त्याखाली नोंदवावे आणि तो कागद वस्तूजवळ ठेवावा. आजीच्या लग्नात आलेली समय कोणत्या गावच्या तांबटाने घडविली, हे सांगणारे माणूस आज घरात आहे. ते असेपर्यंतच हा कागद लिहिता येईल.