तीन लोंब्या आणि एक आयुष्य



शेतकऱ्याचें चरित्र लिहिण्याची आपल्यांत फारशी चाल नाहीं. राजे, संत, विद्वान यांचीं चरित्रें आपण मुलांस शिकवितों. परंतु ज्याचें पिकविलेलें आपण दोन वेळां जेवतों, तो मेल्यावर त्याच्याविषयीं बहुधा कोणी दोन ओळीही लिहीत नाहीं. म्हणून ह्या वेळच्या पाठास एका शेतकऱ्याचें आयुष्य घेतलें आहे. ज्या बंधूस हा पाठ गांवांत वाचून दाखवावयाचा असेल, त्यानें मिळाल्यास भाताची एक लोंबी हातीं घेऊन बसावें.

चंद्रपूर जिल्ह्यांत, नागभीड तालुक्यांत, नांदेड नांवाचें एक खेडें आहे. (मराठवाड्यांतील नांदेड शहर तें निराळें.) त्या मुलखांत भाताच्या पिकास धान म्हणतात, व बांध घालून पाणी अडविलेल्या शेतास बांधी. दादाजी रामाजी खोब्रागडे हे ह्या गांवचे. शाळा तिसरीपर्यंत झाली. पुढील सारें शिक्षण बांधींत. ऐंशी वर्षांच्या घरांत पोहोंचून, दीर्घ आजारानंतर, ३ जून २०१८ रोजीं ते वारले.

सन १९८३ मध्यें त्यांच्या शेतांत पटेल ३ ह्या जातीचें धान उभें होतें. त्यांत तीन लोंब्या त्यांस निराळ्या दिसल्या. दाण्याचा रंग इतरांहून वेगळा, पिवळसर. आतां कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याची काय अवस्था असते हें आपणांस सांगावयास नको. मजूर मिळत नाहींत, आभाळ भरून येतें, सावकार वाट पाहत असतो. अशा वेळीं तीन लोंब्यांकडे कोण पाहतो? आपण असतों तर विळ्यासरशीं त्या पेंढींत गेल्या असत्या. दादाजींनीं त्या वेगळ्या काढून जपून ठेविल्या. पुढील हंगामांत त्यांचे दाणे शेताच्या मधोमध लहानशा वाफ्यांत पेरले, आणि जंगल जवळ असल्यामुळें रानडुकरांपासून राखण म्हणून भोंवतीं काटे लाविले.

येथें वाचणाऱ्यानें थोडें थांबून लोंबी दाखवावी. धानाच्या एकाच फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात, आणि बहुतेक फुलांत आपलाच पराग आपणांवर पडून दाणा भरतो. शेजारच्या रोपाचा पराग क्वचितच लागतो. म्हणून धानाच्या चांगल्या लोंबीचे दाणे वेगळे पेरिले असतां पुष्कळ अंशीं त्याच गुणाचें पीक येतें. बाजरी किंवा मका यांचें तसें नाहीं. तेथें वारा साऱ्या शेताचा पराग एकमेकांत मिसळतो, आणि निवडलेल्या कणसाचा गुण दुसऱ्याच वर्षीं पातळ होतो. तथापि धानांतही भेसळ राहते. दरवर्षीं उभ्या पिकांत फिरून जें रोप उंचीनें, रंगानें, किंवा पिकण्याच्या वेळेनें इतरांशीं जुळत नाहीं तें उपटून टाकावें लागतें. पावसावरच्या शेतीला वर्षांतून एकच हंगाम. एक चूक झाली तर वर्ष गेलें. ह्या कामास विद्यापीठाची पदवी लागत नाहीं, परंतु डोळा लागतो व धीर लागतो, आणि हीं दोन्हीं विकत मिळत नाहींत.

पांच-सहा वर्षांनीं बियाणें इतरांस देण्याजोगें झालें. दाणा बारीक, भात चवीला उत्तम. त्या काळीं एच. एम. टी. नांवाचें मनगटी घड्याळ लोकांस फार प्रिय होतें. तेंच नांव ह्या धानास पडलें. हातोहात तें विदर्भांत, आणि तेथून पर राज्यांत पसरलें. आज दुकानांत त्या नांवाचा तांदूळ मागणाऱ्यांपैकीं कितीजणांस नांदेड गांव ठाऊक असेल, कोण जाणे.

पुढें अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें हें बियाणें नेलें, आणि शुद्ध करून पीकेव्ही एच. एम. टी. ह्या नांवानें प्रसृत केलें. त्यावरून वाद झाला. मूळ बियाण्यांत भेसळ होती, तें शुद्ध आम्हीं केलें, असें तज्ज्ञांचें म्हणणें. शोध माझा, असें दादाजींचें. आमच्या मतें शुद्ध करणें हेंही खरेंखुरें काम आहे, तें कमी लेखूं नये. परंतु ज्यानें मूळ लोंबी ओळखिली त्याचें नांव आधीं घ्यावयास कोणाचें काय वेंचलें असतें? सन २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यास आपली जात स्वतःच्या नांवें नोंदवितां येते, व घरचें बीं राखणें, पेरणें, देणेंघेणें हा त्याचा हक्क मानिला आहे. ही गोष्ट गांवोगांव कळावयास हवी.

मान मिळाला नाहीं असें नाहीं. सन २००५ मध्यें राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला; २०१० मध्यें फोर्ब्स मासिकानें त्यांचें नांव छापिलें. पण मानपत्रानें चूल पेटत नाहीं. मुलाच्या आजारपणांत त्यांस आपली जमीन विकावी लागली. बाप म्हणून त्यांनीं दुसरें काय करावयाचें होतें? मग नात्यांतल्या माणसानें दिलेल्या दीड एकरावर तेंच काम पुन्हां सुरू झालें. नांदेड हिरा, नांदेड चिन्नूर, विजय नांदेड, दीपक रत्न. अशा सर्व मिळून नऊ जाती त्यांनीं निवडल्या. त्यांत गांवाचें नांव वारंवार येतें, हें लक्षांत घ्यावें. स्वतःचें नांव त्यांनीं डी. आर. के. ह्या तीन अक्षरांत तेवढें ठेविलें.

पाठ संपल्यावर बैठकींतल्या वडील शेतकऱ्यांस विचारावें: आपल्या शेतांत कधीं निराळी लोंबी दिसली होती काय? तिचें काय केलें? पुष्कळांस आठवेल. ह्या हंगामांत कापणीपूर्वीं एक दिवस सर्वांनीं मिळून उभ्या पिकांत फिरावें. वेगळें दिसेल त्यास रंगीत दोरा बांधावा. तें स्वतंत्र कापून, वाळवून, चिठ्ठीवर शेतकऱ्याचें नांव व साल लिहून कोरड्या जागीं ठेवावें. पुढील वर्षीं तें कोणाच्या शेताच्या मध्यभागीं पेरावयाचें, हें त्याच बैठकींत ठरवून घ्यावें.