आकडा खरा, निकाल कच्चा

पुणे, १८ जानेवारी

चि. बाळू,

काल वहिनीचा फोन आला होता. तिनं कौतुकानं सांगितलं की कॉलेजच्या बास्केटबॉल संघासाठी तू हंगामाच्या मध्यावर जो अहवाल केलास, तो कोचनी मनावर घेतला आणि तुझ्या आकड्यांवरून एका मुलाला पहिल्या पाचातून काढून बाकावर बसवलं. तिला तुझा अभिमान वाटणं साहजिक आहे. मला मात्र धास्ती वाटली. तुझं गणित चुकलं असेल असं मला वाटत नाही; तुझा हात त्यात पक्का आहे. पण शेवटच्या दहा सामन्यांच्या आकड्यांवरून संघ घसरला असं तू म्हटलंस आणि त्या घसरणीवर एका मुलाचं नाव लिहिलंस. या दोन पावलांपैकी पहिलं घाईचं आहे. दुसरं त्याहून घाईचं, आणि ते एका माणसावर पडलं आहे.

कार्यक्षमतेच्या आकड्यांना माझा विरोध नाही, हे आधी स्पष्ट करते. हे पत्र वहिनीही वाचेल, म्हणून थोडं मुळापासून. संघाकडे चेंडू आल्यापासून तो समोरच्यांकडे जाईपर्यंतचा खेळ म्हणजे एक ताबा. दोन्ही संघांना ताबे जवळपास सारखेच मिळतात. म्हणून शंभर ताब्यांमागे आपण किती गुण केले आणि किती दिले, हे पाहिलं की वेगानं खेळणारा आणि संथ खेळणारा संघ एकाच मापानं मोजता येतो. नॉर्थ कॅरोलायनाचे कोच डीन स्मिथ दर ताब्यामागचे गुण मोजत होते तेव्हा संगणक घरोघरी पोचलेही नव्हते. पुढे डीन ऑलिव्हर यांनी २००४ च्या पुस्तकात या विचाराची नीट घडी बसवली. शॉटची अचूकता, गमावलेले चेंडू, आपल्याच चुकलेल्या शॉटवर मिळवलेले रिबाउंड आणि फ्री थ्रो या चार गोष्टींवर संघाची कामगिरी उभी असते, आणि त्यांत अचूकतेचा वाटा सर्वात मोठा, असं त्यांनी मांडलं. माझ्या तरुणपणी असं काही हाताशी नव्हतं, याची मला आजही रुखरुख वाटते. खेळाच्या पानावर हार-जीत आणि कुणी किती गुण केले एवढंच छापून यायचं, आणि त्यावरच आम्ही तावातावानं वाद घालायचो. तुझ्या पिढीला हे साधन मिळालं आहे. म्हणूनच ते कुठपर्यंत पोचतं आणि कुठे थांबतं, हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक असायला हवं.

जिंकलेल्या सामन्यांची संख्या जे झाकते ते हा आकडा उघडं करतो, याचं उदाहरण तुझ्याच आवडत्या एनबीए लीगमध्ये आहे. मिलवॉकी बक्सनी २३ जानेवारी २०२४ रोजी कोच एड्रियन ग्रिफिन यांना काढलं तेव्हा संघ ३० सामने जिंकून १३ हरला होता आणि पूर्व विभागात दुसरा होता. एवढं चांगलं चाललेलं असताना कोच काढतात का, असा प्रश्न साऱ्यांना पडला. पण आदल्या वर्षी बचावात लीगच्या पहिल्या पाचांत असलेला हा संघ आता विसाव्या क्रमांकाच्याही खाली गेला होता. डेमियन लिलार्डला आणताना ड्रू हॉलिडेसारखा बचावपटू सोडून द्यावा लागला होता, त्याची किंमत आकड्यांत दिसत होती. इथवर आकड्यांचा विजय आहे. पुढचं मात्र तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचं. डॉक रिव्हर्स आले, बचाव काहीसा सावरला, पण आक्रमण मंदावलं. त्यांच्या हाताखाली संघ १७ जिंकला आणि १९ हरला, आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत इंडियानाकडून बाहेर पडला. त्या फेरीत दुखापतीमुळे संघाचा प्रमुख खेळाडू यानिस एकही सामना खेळू शकला नाही. दुखणं कुठे आहे ते आकड्यानं बरोबर दाखवलं होतं. पण ते कुणामुळे आहे आणि कुणाला हलवलं म्हणजे बरं होईल, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तुझ्या अहवालात या दोन गोष्टी एक झाल्या आहेत, माझी काळजी ती आहे.

उलट बाजूचं उदाहरणही घे. २०२१-२२ च्या हंगामात बोस्टन सेल्टिक्सचे पन्नास सामने झाले तेव्हा २५ जिंकलेले आणि २५ हरलेले होते. जानेवारीच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये पंचवीस गुणांची आघाडी घालवून ते शेवटच्या क्षणी हरले, तेव्हा तर हा संघ मोडून टाका असं लोक उघड बोलत होते. पण त्यांचा गुणफरक निम्म्यास निम्म्या संघासारखा नव्हता, आणि बचाव भक्कम होता. उरलेल्या ३२ सामन्यांपैकी त्यांनी २६ जिंकले आणि ते थेट अंतिम फेरीत गेले. आता इथे आकडे मांडणाऱ्यानं लगेच टाळी वाजवू नये. २५ जानेवारीला त्यांनी सॅक्रामेंटो किंग्जला १२८-७५ असं हरवलं होतं. त्या एका सामन्यातले ५३ गुण पन्नास सामन्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला एकाहून जास्त गुण येतो. म्हणजे हंगामाच्या मध्यावरची सरासरी एका रात्रीनं एवढी हलते. शिवाय फेब्रुवारीत डेरिक व्हाइट संघात आला, म्हणजे नंतरचा संघ पुरता तोच राहिला नव्हता. सरासरी खरी असते. ती कशाची बनली आहे हे उलगडून पाहिल्यावरच तिच्यावरून कुणाबद्दल काही म्हणावं.

आता तुझ्या दहा सामन्यांकडे येते. तुमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात कुणाशीही गाठ पडते, त्यात बरेच संघ दुबळे असतात, आणि नव्या वर्षात आपल्या गटातले, एकमेकांना पुरतं ओळखणारे संघ समोर येतात. तुझी घसरण नेमकी याच वळणावर सुरू होते. मग तुझा संघ खाली गेला की समोरचे वर आले, हे प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचा हिशेब घातल्याशिवाय कसं कळणार? केन पॉमरॉय कॉलेजच्या संघांचे आकडे प्रतिस्पर्ध्यानुसार दुरुस्त करूनच देतात, ते याचसाठी. दुसरं, समोरच्यांचे थ्री-पॉइंटर. एका सामन्यात त्यांनी पंचवीस फेकले आणि ३४ ऐवजी ४० टक्के पडले, तर साडेचार गुणांचा फरक पडतो. दहा सामन्यांत असे अडीचशे शॉट होतात, आणि अडीचशे शॉटमध्ये टक्केवारी केवळ नशिबानं तीन अंकांनी सहज इकडेतिकडे होते, कधी सहानंही. बचाव करणारा शॉट घेऊ न देणं किंवा अवघड करणं बऱ्याच अंशी साधू शकतो. हातातून सुटलेला चेंडू बास्केटमध्ये पडतो की नाही यावर त्याचं नियंत्रण फार थोडं. तुझ्या घसरणीतला किती भाग या एका रकान्यातून आला, हे तू वेगळं काढलंस का? काढलं असशील तर मी हा परिच्छेद मागे घेते.

आणि मग तो मुलगा. वहिनी म्हणाली की तो मैदानावर असताना संघाचा शंभर ताब्यांमागचा फरक फार वाईट येतो, असं तू दाखवलंस. बाळू, एका ताब्यात मिळणाऱ्या गुणांचं प्रमाण विचलन साधारण १.१ ते १.२ असतं. तो दहा सामन्यांत अर्धा अर्धा वेळ खेळला असेल तर त्याच्या वाट्याला आपले साडेतीनशे आणि समोरच्यांचे साडेतीनशे ताबे आले. वहीत मांडून बघ: शंभर ताब्यांमागच्या फरकात आठ-नऊ गुणांची चूक हे नेहमीचंच आहे, तिला असाधारण म्हणता येत नाही. शिवाय त्या ताब्यांत मैदानावर आणखी नऊ जण असतात. तो बहुतेक समोरच्यांच्या पहिल्या पाचांविरुद्ध खेळत असेल, तर त्याचा आकडा दुसऱ्या फळीविरुद्ध खेळणाऱ्यापेक्षा वाईट येणारच. खेळाडूवार कार्यक्षमतेचे आकडेही बचावाच्या बाबतीत जवळजवळ आंधळे आहेत. जॉन हॉलिंजर यांचा प्रसिद्ध निर्देशांक (पीईआर) घे. बचावातलं त्याला स्टील, ब्लॉक, रिबाउंड आणि फाउल एवढंच दिसतं. योग्य जागी आधी जाऊन उभं राहणं आणि समोरच्याला त्याच्या नावडत्या हातानं खेळायला लावणं त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. ह्यूस्टन रॉकेट्सचा शेन बॅटिअर हे याचं ठसठशीत उदाहरण. मायकेल लुइस यांनी २००९ मध्ये त्याच्यावर मोठा लेख लिहिला, तो याच कारणासाठी: त्याच्या नावापुढचे आकडे साधारण, आणि तो खेळत असताना संघ मात्र चांगला. बॅटिअरची किंमत ज्यांनी ओळखली तेही आकडेवालेच होते. त्यांनी जास्त मोसम पाहिले आणि नेमका प्रश्न विचारला, एवढंच.

तू म्हणशील, आत्या, कोचला उद्याचा संघ आज निवडायचा असतो. पुरेसे ताबे जमेपर्यंत हंगाम संपून जाईल. हे मला मान्य आहे. निर्णय अपुऱ्या माहितीवरच घ्यावे लागतात. पण माहिती अपुरी असेल तर अहवालानं तसं म्हणावं, आणि किती अपुरी ते आकड्यात म्हणावं. 'संघ शंभर ताब्यांमागे सहा गुणांनी घसरला' यापेक्षा 'घसरण सहाची दिसते, पण ती शून्य ते बारा यांत कुठेही असू शकते' हे वाक्य कोचला जास्त उपयोगी आहे, कारण त्यातून किती मोठं पाऊल उचलायचं हे त्यांना कळतं. मागच्या वर्षीचे सामनेही माहितीच आहेत, ते फेकून द्यायचे नाहीत. दहा सामन्यांचं मत जुन्या सामन्यांत मिसळूनच बनवायचं. आणि लवकर स्थिरावणाऱ्या गोष्टी आधी पाहायच्या: आपण चेंडू किती गमावतो, शॉट कुठून घेतो, समोरच्यांना कुठून घेऊ देतो, रिबाउंड किती मिळवतो. तिथे बिघाड दिसला तर घसरणीवर विश्वास ठेव. ती फक्त टक्केवारीत दिसली तर थांब.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेनं येईल. २००१ चे लेकर्स हंगामभर सरासरीहून वाईट बचाव करत राहिले आणि प्लेऑफमध्ये १५ सामने जिंकून एकच हरले. २०२३ चा मायामी हीट ४४-३८ असा, केलेल्या गुणांपेक्षा दिलेले गुण जास्त असलेला संघ, तो अंतिम फेरीत गेला. मग हे आकडे हवेत कशाला? असं म्हणणं मला पटत नाही. अशी नावं लोकांच्या लक्षात राहतात कारण ती विरळा आहेत. लेकर्सचे शॅक आणि कोबी हंगामात दुखापतींनी त्रस्त होते आणि वसंतात दोघे एकत्र उभे राहिले. मायामी हंगामभर थ्री-पॉइंटरच्या अचूकतेत जवळजवळ तळाला होता आणि प्लेऑफमध्ये तेच शॉट पडू लागले. दोन्हीकडे आकडा खोटं बोलला नव्हता. जे झालं ते त्यानं सांगितलं होतं, आणि पुढे खेळायला येणारी माणसं आणि नशीब वेगळं होतं. मध्यावरचा आकडा हा सर्वात चांगला साक्षीदार आहे, हे मी वर्गात शिकवत आले आणि आजही तेच म्हणेन. फक्त साक्षीदाराला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नकोस.

फार बोलले असेन तर मनाला लावून घेऊ नकोस. तू जे करतोस ते मला मनापासून आवडतं. थंडीत पहाटे उठून सामन्यांच्या फिती बघत एकेक ताबा मोजणारा मुलगा आपल्या घरात आहे, हे मी सगळ्यांना सांगते. कोच तुझं ऐकतात यात तुझी लायकी आहे. पण विशी-बाविशीत आपल्या शब्दाला असं वजन आलं की तो शब्द कुणावर पडतो आहे हेही बघावं लागतं. तो मुलगाही कुणाच्या तरी घरातला बाळूच आहे, आणि बाकावर बसून आपल्या नावापुढचा उणे आकडा वाचत असेल. तुझा आकडा पुढच्या पंधरा सामन्यांत दुरुस्त होईलही. त्याचा हंगाम मात्र तोवर संपलेला असेल.

तेव्हा एवढं कर. प्रतिस्पर्ध्यांची ताकद आणि थ्री-पॉइंटरचा भाग बाजूला काढून आकडे पुन्हा मांड, चुकीची मर्यादा लिही, आणि कोचकडे स्वतः घेऊन जा. उत्तर तेच आलं तर ठामपणे तेच सांग, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. वेगळं आलं तर तेही तितक्याच ठामपणे सांग. आणि उत्तर काहीही येवो, त्या मुलाशी एकदा बोल, त्याला मैदानावरून काय दिसतं ते विचार. वही मलाही पाठव, दोघं मिळून बघू. जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि रविवारी फोन कर.

तुझी,
आत्या