आपल्या उसाचे इथेनॉल आणि आपली गाडी



उसाची साखर होते आणि मळीपासून इथेनॉल होते, हे आपण जाणताच. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२५ साली गाठला गेला. म्हणजे आपल्याच फडातला माल फिरून आपल्याच मोटारसायकलच्या टाकीत येतो. माल आपला म्हणून त्याचे नुसते गुण गायचे आणि पथ्य सांगायचे नाही, हे आम्हांला बरे वाटत नाही.

आधी पेट्रोलचा प्रवास समजून घेऊ. जुन्या मोटारसायकलीत पेट्रोल टाकीतून कॉक, गाळणी व नळीवाटे कार्बोरेटरच्या वाटीत येते. इंजिन हवा ओढते, तेव्हा जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल हवेत मिसळते. नव्या गाडीत टाकीतला विजेचा पंप दाब देतो आणि इंजेक्टर फवारा मारतो. दोन्हींचे दुखणे ठिबकच्या ड्रिपरसारखेच. कचरा अडकला की काम थांबले!

इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी मुरते. ते जास्त झाले, की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाशी बसते. इंजिनला इंधन तळातूनच जाते. मग गाडी आचके देते, नाहीतर बंद पडते. इथेनॉल टाकीतला जुना साकाही सोडवते, तो गाळणीत जाऊन बसतो. जुन्या गाडीच्या काही रबरी नळ्या व वायसर त्याने फुगतात, चिरतात. शिवाय लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. त्यात मिस्त्रीचा दोष नाही.

तरी पुढील पथ्ये पाळावीत:

१. गाडीला २० टक्के मिश्रण चालते का, हे कंपनीच्या पुस्तकात पाहावे.
२. टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे. गाडी धुताना पाण्याची धार झाकणावर मारू नये.
३. पावसाळ्यात टाकी फार रिकामी ठेवू नये. रिकाम्या जागेत दमट हवा शिरते.
४. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असल्यास कार्बोरेटरची वाटी मिस्त्रीकडून रिकामी करून घ्यावी.
५. गाळणी वेळेवर बदलावी. नळी चिरली असेल तर त्याच दिवशी बदलावी. गळक्या पेट्रोलजवळ विडी-काडी नको आणि नळीला तोंड लावून पेट्रोल ओढणे तर मुळीच नको.

दहा-वीस रुपयांचे रबर वेळीच बदलले, तर ऐन हंगामात गाडी ढकलत फडावर जाण्याची पाळी येणार नाही.