काट्यावरचे वजन बँकेपर्यंत कसे जावे?



ऊस काट्यावर पोचला की आपले काम संपले, असे आपण धरून चालतो. खरे तर वजनाचा प्रवास तिथून सुरू होतो. ऊसनोंद शेतकी खात्याच्या संगणकात, भरल्या व रिकाम्या गाडीचे वजन काट्याच्या संगणकात, उचल आणि सोसायटीची वसुली हिशेब खात्यात, पैसे बँकेत. ही चार ठिकाणे एकमेकांशी जोडलेली नसली की मधे कारकून बसतो आणि इथले आकडे तिथे उतरवतो. एकाच भावकीत एकाच नावाचे तीन सभासद निघाले की घोळ झालाच समजा! ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज, अशी अट १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घातली. त्या १४ दिवसांतले किती दिवस नक्कल करण्यात घालवायचे?

जोडणीचे मार्ग दोन. पहिला लो-कोड साधनांचा. म्हणजे तयार तुकडे. पडद्यावर चौकटी जुळवायच्या, मधे बाण काढायचे. बाजारातून ठिबकचा तयार संच आणून जोडावा, तसे. आपल्याच कचेरीतला हुशार कारकून थोड्या दिवसांत शिकतो. दुसरा मार्ग स्वतःसाठी एपीआय लिहून घेण्याचा. एपीआय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्यासाठी ठेवलेली खिडकी. ठरलेल्या नमुन्यात मागा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर मिळेल. आत शिरून कपाटे उघडायची मुभा नाही. हे काम प्रोग्रॅमरचे. वेळ लागतो आणि पैसा आधी मोजावा लागतो. तयार साधनाचे भाडे मात्र बहुधा दरमहा, माणशी किंवा कामाच्या संख्येवर असते. गळीत वाढले की तेही वाढते, हे विक्रेता स्वतः होऊन सांगेलच असे नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लो-कोड साधनही आतून एपीआयच वापरते. समोरच्या यंत्रणेला खिडकीच नसेल तर महागड्या साधनाचाही फारसा उपयोग नाही.

जीएसटीचे ई-बिल पाहा. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीसाठी ते सक्तीचे झाले. तिथे दोन्ही सोयी ठेवल्या आहेत. तक्त्यात आकडे भरून फाईल चढवावी, किंवा आपला संगणक एपीआयने थेट जोडावा. दोन्हीकडून बिलाला ६४ अक्षरी क्रमांक मिळतो. साखरेची मोजकी बिले निघत असतील तर तक्ता पुरे. तेवढ्यासाठी प्रोग्रॅमर बसवणे आम्हाला उधळपट्टी वाटते.

उसाच्या पैशाचे तसे नाही. समजा, रात्री दोनला काट्यावरची लाईन गेली. कारकुनाने तीच खेप पुन्हा पाठवली. आता एका खेपेचे दोनदा पैसे निघणार, की एकदाही नाही? यावर उपाय असा की प्रत्येक खेपेला एकच क्रमांक द्यावा आणि तो दुसऱ्यांदा आला तर यंत्रणेने नवी नोंद न करता पहिलेच उत्तर परत द्यावे. तयार साधनात हे दर वेळी मनासारखे बसवता येत नाही. लिहून घेतलेल्या कामात करारातच घालता येते. सभासदाची ओळखही नावाने नको, सभासद क्रमांकाने हवी. बँकेचे कोडही एकाच जागी ठेवावेत. १ मार्च २०२१ ला देना व विजया बँकांचे जुने आयएफएससी बंद झाले, तेव्हा ज्यांनी ते चार ठिकाणी लिहून ठेवले होते त्यांना चारही ठिकाणी दुरुस्ती करावी लागली.

तेव्हा आमचे मत असे: काटा, ऊसबिल व बँक ही साखळी लिहून घ्यावी. ऊसतोडीचा निरोप मोबाईलवर धाडणे, रजेचे अर्ज, बेण्याची मागणी ही कामे लो-कोडवर खुशाल करावीत. ती दोन तास अडली तरी कोणाचे बिल अडत नाही.

वार्षिक सभेत हा खर्च मंजुरीला आला तर नुसते हात वर करू नका. लिहिलेला प्रोग्रॅम कारखान्याच्या मालकीचा राहणार का? विक्रेता सोडून गेला तर आपली माहिती कोणत्या नमुन्यात परत मिळेल? ऐन हंगामात रात्री फोन उचलणार कोण? ही उत्तरे लेखी मागा. आणि गळीत सुरू होण्याआधी एका गटाच्या मागच्या हंगामातील सगळ्या पावत्या नव्या जोडणीतून काढून घ्या, मधेच तार उपटून पाहा, आणि जुन्या बिलांशी रुपया-पैशापर्यंत ताळा जमतो का ते सभासदांसमोर तपासा.