ऑडिटर गेल्यानंतरचा सोमवार

माझी बहुतेक नोकरी पुण्या-बेंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत, क्वालिटी विभागात गेली. प्रोग्रामर मंडळी आम्हाला ‘प्रोसेसवाले’ म्हणत, आणि आम्ही मजल्यावर दिसलो की घाईघाईनं टाइमशीट भरायला घेत. ‘सीएमएम’ नावाच्या, कंपनीची काम करायची पद्धत पाच पायऱ्यांवर मोजणाऱ्या मॉडेलनं तेव्हा आपल्याकडच्या कंपन्यांना झपाटलं होतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट आहे. आयबीएममध्ये २७ वर्षं काढलेले वॉट्स हम्फ्री १९८६ मध्ये तिथं गेले आणि त्यांच्या कामातून हे मॉडेल उभं राहिलं. पण मुळात ते हवं होतं अमेरिकन संरक्षण खात्याला, कुठल्या कंत्राटदारावर भरवसा ठेवावा हे ठरवायला. म्हणजे काम करणाऱ्याच्या आधी काम देणाऱ्याची सोय. पुढं जे जे पाहिलं त्याचं निम्मं कारण मला इथंच दिसतं. त्या पाहण्यातून शिकलेल्या सात गोष्टी अशा.

१. दुखणं आधी, मॉडेल नंतर.

एका विमा कंपनीच्या देखभालीचं काम करणारी टीम होती. रिलीजमध्ये जुन्या आवृत्तीचा कोड जायचा, मग ऑनसाइटवरून रात्री-अपरात्री फोन. त्यांना मी कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटबद्दल सांगायला गेले, तर सगळे वही घेऊन बसले. बिल्ड एकाच मशीनवर होणार, चेक-इन न केलेली फाइल जाणार नाही, रिलीजला लेबल लावल्याशिवाय मेल जाणार नाही. एवढं त्यांनी आठवड्याभरात अंगवळणी पाडून घेतलं. त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या टीमला तेच सांगितलं, तर माना डोलावून सगळे कामाला लागले आणि काहीही बदललं नाही. त्यांचं दुखणं निराळं होतं. त्यांचा ग्राहक फोनवर नवीनच काहीतरी सांगायचा आणि डिलिव्हरीच्या वेळी ‘हे तर मी केव्हाच सांगितलं होतं’ म्हणायचा. त्यांच्याकडं सुरुवात चेंज रिक्वेस्टच्या साध्या नोंदीपासून केली, तेव्हा कुठं आमचं जमलं.

२. साहेबांचं भाषण कुणी ऐकत नाही, साहेबांचा फोन ऐकतात.

उद्घाटनाला हॉटेलातला हॉल, टी-शर्ट, मग, ‘क्वालिटी ही आपली संस्कृती आहे’ असं भाषण; हे सगळं झालं की टीमच्या मनात एकच प्रश्न असतो: तारीख अंगावर आली की हे काय करतील? एका डिलिव्हरी हेडनं याचं उत्तर सगळ्यांसमोर दिलं. शुक्रवारी सिस्टिम टेस्टिंग अर्धवट होतं आणि ग्राहक घाई करत होता. साहेबांनी स्पीकरफोन लावून त्याच्याकडून चार दिवस मागून घेतले. त्यानंतर त्या युनिटमध्ये प्रक्रियेचं महत्त्व पटवण्याचं काम मला फारसं उरलं नाही. याच्या उलट, ‘या वेळेपुरतं रिव्ह्यू सोडा’ हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की वर्षभराचं प्रशिक्षण पाण्यात.

३. रिव्ह्यूचे आकडे अप्रेझलला गेले की आकडे मरतात.

याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चांगली चाललेली सुधारणा मी सर्वांत जास्त वेळा इथंच कोसळताना पाहिली. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासण्याची शिस्तशीर पद्धत मांडली: ठरलेल्या भूमिका, आधी वाचून येणं, चुका फक्त शोधायच्या, त्या सोडवत बसायचं नाही. त्यातच त्यांनी बजावलं होतं की या तपासणीतून निघालेली माहिती माणसाच्या मूल्यमापनासाठी वापरू नका. पद्धत सगळ्यांनी घेतली, ही अट मात्र पुष्कळ ठिकाणी वाटेत गळाली.

मी ज्या कंपनीत होते तिथं हजार ओळींमागं किती डिफेक्ट सापडले याचा तक्ता दर महिन्याला निघायचा. प्रोजेक्ट मॅनेजर तो नुसता पाहायचे, तोवर रिव्ह्यूत भरपूर डिफेक्ट सापडत होते. मग कुणीतरी हुशारी केली आणि माणसागणिक तक्ता काढून अप्रेझलच्या मीटिंगला ठेवला. दोन-तीन महिन्यांत डिफेक्ट झपाट्यानं कमी झाले. वरच्या मजल्यावर आनंद. प्रत्यक्षात मुलं एकमेकांना म्हणत होती, ‘अरे, आधी मला दाखव, मग रिव्ह्यूला लाव.’ खरी तपासणी कॅन्टीनमध्ये चहाबरोबर व्हायची आणि फॉर्मवर ‘स्पेलिंग मिस्टेक – १’ एवढंच यायचं. काही जण तर ठरवून दोन किरकोळ चुका ठेवायचे, कारण शून्य डिफेक्ट दिसले की ऑडिटर शंका घेतो! सीएमएमच्या चौथ्या पायरीवर लागणारे कंट्रोल चार्ट याच आकड्यांवर काढले गेले. आलेख सुरेख होता, मर्यादेच्या रेषांच्या आत अगदी शहाण्यासारखा चालणारा.

तक्ता अप्रेझलमधून काढायला लावला, तरी विश्वास परत यायला खूप वेळ गेला. जुनी टीम पांगून नवी आली तेव्हाच रिव्ह्यूत पुन्हा खरे डिफेक्ट दिसू लागले.

४. एसईपीजीत बेंचवरचा माणूस बसवू नका.

प्रक्रिया ठरवणाऱ्या गटाला ‘एसईपीजी’ म्हणतात. कुठल्या प्रोजेक्टला नको असलेली, बेंचवर बसलेली माणसं तिथं पाठवायची रीत अनेक ठिकाणी होती. जो रिलीजच्या रात्री जागलेला नाही, त्यानं लिहिलेली प्रक्रिया मजल्यावर कुणी मनावर घेत नाही. प्रोजेक्टला ज्याच्यावाचून अडेल असा माणूस मागून घ्यावा. मॅनेजर भांडेल, भांडू द्यावं. आणि वर्ष-दीड वर्षानं त्याला परत प्रोजेक्टवर धाडावं, म्हणजे स्वतः लिहिलेला फॉर्म त्यालाच भरावा लागतो. फॉर्म आखूड व्हायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

५. दर वेळी काहीतरी काढून टाका.

ऑडिटमध्ये एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मन्स, पडली की टेम्प्लेटमध्ये एक रकाना वाढतो. कमी कधीच होत नाही. पाच माणसांच्या तीन महिन्यांच्या कामाला आणि साठ जणांच्या प्रोजेक्टला एकच प्लॅन टेम्प्लेट देणं हा छळ आहे. नवा रकाना मागणाऱ्याला मी विचारत असे, ‘भरल्यानंतर हा कोण वाचणार?’ नाव आलं नाही, तर रकाना नाही.

६. लेव्हल मिळाल्यानंतरचे सहा महिने पाहा.

बेंगळुरूच्या मोटोरोला केंद्रानं १९९०च्या दशकाच्या मध्याला पाचवी पायरी गाठली, तेव्हा जगात अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. स्पेस शटलचं सॉफ्टवेअर लिहिणारा ह्यूस्टनचा गट त्यांतलाच. पुढं भारतात लेव्हल फाइव्हच्या पाट्या इतक्या झाल्या की पाटीवरून काही कळेना. परदेशी ग्राहक निविदेतच लेव्हल विचारायचा, तेव्हा कंपन्यांना दोष तरी किती द्यायचा? पण असेसमेंटच्या आधी रात्री जागून मागच्या तारखा घालून मीटिंगची मिनिट्स लिहिली जाताना मी पाहिली आहेत. निकाल शुक्रवारी लागतो, केक कापला जातो, आणि सोमवारी एसईपीजीतली निम्मी माणसं प्रोजेक्टवर जातात. सीएमएमनंतर आलेल्या सीएमएमआयच्या मूल्यांकनाची मुदत तीन वर्षांची असे. त्यामुळं काही ठिकाणी प्रक्रिया दर तिसऱ्या वर्षीच जागी व्हायची.

७. आजाइल आलं म्हणून दुखणं गेलं नाही.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी सॉफ्टवेअर बनवण्याच्या ‘आजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. आमच्याकडं तो पोचल्यावर कागद कमी झाले, हे मान्यच. पण झालेल्या कामाकडं मागं वळून पाहण्याच्या बैठकीत, म्हणजे रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये, वीस चिठ्ठ्या चिकटवायच्या, फोटो काढायचा आणि पुढच्या वेळी त्याच वीस पुन्हा चिकटवायच्या, हेही आलं. हिंजवडीतल्या एका टीमला मी सुचवलं की चिठ्ठी एकच उचला आणि ती तडीस न्या. त्यांनी रात्री बंद पडणारा टेस्ट सर्व्हर निवडला आणि इन्फ्रावाल्यांच्या मागं लागून तो दुरुस्त करून घेतला. त्याच्या पुढच्या रेट्रोत, एरवी गप्प बसणारी टेस्टर मुलगी म्हणाली, ‘रोजची स्टँडअप मीटिंग पंधरा मिनिटांत संपत नाही, कारण प्रत्येक जण सरांना रिपोर्ट देत बसतो.’ सर तिथंच बसले होते. दुसऱ्या दिवसापासून ते स्टँडअपला आले नाहीत.