रात्रीच्या लेन्स आणि टाकीतलं पाणी

रात्री घालून झोपायच्या आणि सकाळी काढून ठेवायच्या लेन्सबद्दल हल्ली आमच्या खुलताबादेतही विचारणा होते. कुणाचा मुलगा पोलीस भरतीसाठी पहाटे धावतो, कुणाच्या मुलीला कबड्डी खेळताना चष्मा अडचणीचा होतो. माझ्या मुलीने या लेन्स वापरल्या आहेत हे माहीत असल्यामुळे लोक माझ्याकडे येतात. मी प्रत्येकाला आधी एकच विचारते, तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं? ऐकणाऱ्याला हा प्रश्न अवांतर वाटतो. तो अवांतर का नाही, हेच सांगायला बसले आहे.

या उपचाराचं नाव ऑर्थोकेरॅटॉलॉजी, बोलण्यात ऑर्थो-के. या लेन्स नेहमीच्या मऊ लेन्ससारख्या नसतात. कडक असतात, पण त्यांतून प्राणवायू आरपार जातो. बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, त्याच्या मध्यभागापेक्षा या लेन्सचा मधला भाग जास्त सपाट केलेला असतो. रात्रभर लेन्सखालच्या अश्रूंच्या थराचा दाब पडतो, पडद्यावरचा सर्वांत वरचा पेशींचा पापुद्र्यासारखा थर मध्यभागी पातळ होतो आणि कडेला जाड होतो. हा फरक साधारण १५ ते २० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाएवढा. तेवढ्याने दिवसभर चष्म्याशिवाय दिसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली रात्रीच्या वापराला मान्यता दिली ती उणे सहापर्यंतच्या नंबरासाठी, तरी गुण चांगला येतो तो उणे चारच्या आतल्या नंबराला.

लेन्स घालणं थांबवलं की पडदा काही दिवसांत मूळ आकारावर येतो आणि नंबरही परत येतो. नंबर ‘गेला’ असं दुकानदार म्हणतात तेव्हा तो फक्त त्या दिवसापुरता गेलेला असतो. भरतीच्या तयारीतल्या मुलांनी हे नीट लक्षात घ्यावं. वैद्यकीय तपासणीच्या दिवशी नजर सुधारलेली दाखवता आली, तरी प्रशिक्षणात आणि बंदोबस्तावर रोज रात्री लेन्स घालून सहा-आठ तास झोपायला मिळत नाही. त्यासाठी घरच्यांचे हजारो रुपये घालवू नका.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र या लेन्सचा खरा फायदा आहे, आणि तो मी नाकारत नाही. लांबचं न दिसणाऱ्या मुलांचा डोळा वाढीच्या वयात लांबट होत जातो, म्हणून नंबर दरवर्षी चढतो. हाँगकाँगमध्ये दोन वर्षं मुलांवर केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चष्मा लावणाऱ्यांच्या तुलनेत या लेन्स घालणाऱ्यांच्या डोळ्यांची लांबी ४३ टक्के कमी वाढल्याचं दिसलं. माझ्या मुलीचा नंबर शाळेच्या प्रत्येक वर्षाबरोबर वाढत होता, म्हणून आम्ही हा मार्ग धरला. शहरातल्या एका चष्म्याच्या दुकानातून लेन्स मिळाल्या. घालायच्या-काढायच्या कशा ते त्यांनी शिकवलं, ‘स्वच्छ ठेवा’ असं बजावलं. पाण्याबद्दल अवाक्षर नाही. पुढच्या तपासणीची तारीखही दिली नाही.

आता पाण्याचं सांगते. आमच्याकडे नळ रोज येत नाही. खाली छत्रपती संभाजीनगरातही कित्येक वसाहतींत आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. त्यामुळे घरोघरी सिमेंटचा हौद, गच्चीवर काळी टाकी, उन्हाळ्यात टँकर. या साठवलेल्या पाण्यात, मातीत, धुळीत अकँथअमिबा नावाचा एकपेशीय जीव राहतो. पोटात गेला तर सहसा काही करत नाही. संकट आलं की तो स्वतःभोवती कडक कवच करतो आणि त्या कवचात असताना नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनलाही पुरून उरतो. मुलगी लेन्स त्यांच्या धुण्याच्या औषधानेच धुवायची, पण लेन्सची डबी मोरीतल्या नळाखाली विसळून पालथी घालायची. भांडं विसळावं तसं. त्या ओल्या डबीतून हा जीव लेन्सवर येतो, लेन्सवरून डोळ्यात. रात्री पापणी मिटलेली, डोळ्याची उघडझाप नाही, अश्रू वाहते नाहीत, पडद्याला प्राणवायू आधीच कमी. त्यात लेन्सने बारीकसा ओरखडा केला असेल तर त्याला आत शिरायला वाट मिळते.

श्रावणात तिचा डावा डोळा लाल झाला. घरात, शेजारी, सगळ्यांनी ‘डोळे आलेत’ म्हणून सोडून दिलं. आदल्या पावसाळ्यात, २०२३ साली, राज्यभर डोळ्यांची साथ आली होती आणि जवळपास प्रत्येक घराच्या फडताळात अर्धी वापरलेली ड्रॉपची बाटली होती. मेडिकलवाल्यानेही तसलीच दिली. तिच्यात स्टेरॉइड होतं. लाली थोडी उतरली, दुखणं मात्र वाढत गेलं. डोळा दिसायला फारसा वाईट नाही आणि पोर मात्र उजेडाकडे पाहू शकत नाही, रात्र-रात्र कण्हते, हे मी पाहिलं आहे. दिसणाऱ्या खुणांपेक्षा वेदना जास्त असणं हे या संसर्गाचं लक्षण असतं, हे मला नंतर कळलं. ज्या दिवशी आम्ही शहराकडे निघालो तो शनिवार होता. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादेतल्या भद्रा मारुतीला येणाऱ्यांनी दौलताबादेचा रस्ता भरलेला असतो, आणि आम्ही त्या गर्दीच्या उलट्या दिशेने चाललो होतो.

नेत्रतज्ज्ञांनी पडदा खरवडून नमुना तपासायला पाठवला. अकँथअमिबाचं निदान झालं तेव्हा उपचार सुरू झाला तो दर तासाला ड्रॉप, दिवसा आणि रात्रीही. पुढे तासांचं अंतर वाढलं, पण औषध महिनोन्‌महिने चाललं. डोळा वाचला. बुबुळावर फूल राहिलं आहे आणि चष्मा लावूनही त्या डोळ्याने तक्त्यावरच्या खालच्या ओळी तिला वाचता येत नाहीत.

असं किती जणांना होतं? अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दहा हजार मुलांनी वर्षभर लेन्स वापरल्या तर सुमारे १४ मुलांना पडद्याचा जंतुसंसर्ग, असं प्रमाण निघालं. संख्या मोठी नाही. पण रात्रीच्या लेन्समुळे झालेल्या संसर्गाच्या पहिल्या ५० नोंदींचा आढावा २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी घेतला तेव्हा बहुतेक रुग्ण पूर्व आशियातले निघाले, निम्म्याहून जास्त ९ ते १५ वयाचे, आणि ३० टक्के नोंदींत जंतू अकँथअमिबा होता. एरवीच्या लेन्सच्या संसर्गात तो क्वचित सापडतो. म्हणजे धोका नशिबापेक्षा पाण्याशी आणि देखरेखीशी जास्त बांधलेला आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. या लेन्स दुकानातून विकत घ्यायची वस्तू नाही, तो उपचार आहे. जिथे टोपोग्राफीच्या यंत्रावर पडद्याचा नकाशा काढत नाहीत, तिथून उठून या. पहिल्या रात्रीनंतर सकाळीच तपासणी, मग आठवड्याने, महिन्याने आणि पुढे ठरावीक महिन्यांनी, एवढं ते करणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. लेन्स, डबी, लेन्स काढायची रबरी काडी, यांतल्या कशालाच पाणी लागू द्यायचं नाही, उकळलेलं नाही आणि फिल्टरचंही नाही. डबी औषधानेच धुवायची, कोरडी करायची आणि तीन महिन्यांच्या आत बदलायची. हात साबणाने धुवून कोरडे झाल्याशिवाय लेन्सला बोट लावायचं नाही. लेन्स घालून तोंड धुणं, अंघोळ, पोहणं बंद. सकाळी लेन्स चिकटून बसली तर ओढू नका, डॉक्टरांनी दिलेला ओलाव्याचा ड्रॉप घालून ती सैल होईपर्यंत थांबा. सर्दी-ताप असेल त्या रात्री लेन्स घालू नका, दुसऱ्या दिवशी चष्मा चालेल.

आणि हे सगळं रोज, वर्षानुवर्षं, दहा-बारा वर्षांच्या मुलाकडून होणार नसेल, रोज शेजारी उभं राहायला घरात मोठं माणूस नसेल, तर ऑर्थो-के घेऊच नका. नंबर वाढू नये म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी ताकदीचे अट्रोपिनचे ड्रॉप मिळतात, त्यांना पाण्याची भीती नाही. रोज दोन तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं, आणि म्हैसमाळच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना मोकळी जागा शोधावी लागत नाही. चष्म्याची लाज मुलांना आपणच लावतो, विशेषतः मुलींना लग्नाच्या नावाने. ती आधी सोडा.

ज्यांची मुलं आज या लेन्स वापरत आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धुरकट दिसू लागलं, तर लेन्स तत्काळ काढा आणि फडताळातली बाटली, गुलाबपाणी, मध यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाचा नेत्रविभाग आहे, जालन्याचं गणपती नेत्रालय आहे. मूल लेन्स घालून झोपतं हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि लेन्स, डबी, औषधाची बाटली पिशवीत घालून बरोबर न्या, कारण जंतू कोणता हे त्यांवरूनही तपासता येतं.