आपल्या कागदांवरील लॅटिन

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेत लॅटिन भाषेचे काय काम, असे एखादा वाचक विचारील. त्याने आपल्या वार्षिक सभेची सूचना पुन्हा एकदा काढून वाचावी. तीत ‘कोरम’ हा शब्द आहे. प्राचीन रोमची ही भाषा आज कोणाचीही मातृभाषा राहिलेली नाही. तरीही सभेच्या, दवाखान्याच्या आणि कोर्टाच्या वाटेने ती आपल्या घरात येते, आणि पुष्कळदा तिच्याखाली आपण मुकाट्याने सही करतो.

‘कोरम’ म्हणजे नुसते ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडात स्थानिक न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या सनदा पूर्वी लॅटिनमध्ये लिहीत. ज्यांच्यापैकी अमुक एक तरी हजर असलाच पाहिजे, अशा अर्थाचे वाक्य त्यांत असे. पुढे वाक्य गळाले आणि तोंडचा शब्द तेवढा उरला. ‘एक्स ऑफिशिओ’ म्हणजे पदामुळे. एखादा गृहस्थ दुसऱ्या कोणत्या पदामुळे विश्वस्त झालेला असेल, तर ते पद सुटताच ही खुर्चीही सुटते. वेगळा राजीनामा लागत नाही. एवढे ध्यानात ठेवले तर निम्मे रुसवेफुगवे टळतील. शाळेच्या दाखल्यावरील ‘बोना फाइड’चा अर्थ ‘सद्भावाने, खरेपणाने’ असा आहे.

आता दवाखाना. मास्तरांना इंग्रजी येते म्हणून औषधाची चिठ्ठी आमच्याकडे वाचायला आणणारी मंडळी थोडी नाहीत. पण चिठ्ठीवरचे सारेच इंग्रजी नसते. वरच्या कोपऱ्यात आर या अक्षराच्या पायाला काट मारलेली असते, ती ‘रेसिपे’ या शब्दाची खूण. अर्थ ‘घे’. ही आज्ञा रोग्यास नसून औषध तयार करणारास असे: अमुक इतके घे, तमुक इतके घे. ‘बी. डी.’ म्हणजे दिवसातून दोनदा आणि ‘टी. डी. एस.’ म्हणजे दिवसातून तीनदा घ्यावे. मूळ शब्द आहेत ‘बिस’, ‘तेर’ आणि ‘दिए’. संस्कृत जाणणारास यांत द्वि, त्रि आणि दिवस लगेच दिसतील, कारण ही दोन्ही भाषांची घराणी एकाच मुळाची. ‘ए. सी.’ जेवणापूर्वी, ‘पी. सी.’ जेवणानंतर. ‘एच. एस.’ म्हणजे ‘होरा सोम्नी’, झोपेच्या वेळी. हा ‘सोम्नी’ आपल्या ‘स्वप्ना’चा चुलतभाऊ होय.

सर्वांत घोटाळा होतो तो ‘एस. ओ. एस.’ या अक्षरांचा. जहाज बुडू लागले की पाठवतात ती ही हाक, असे समजून घरची माणसे घाबरतात. किंवा उलट, अर्थ न कळल्यामुळे ती गोळीही इतर गोळ्यांबरोबर नेमाने तीन वेळा देतात. खरे शब्द ‘सी ओपुस सित’ असे आहेत. अर्थ, ‘गरज पडल्यास’. दुखले तर घ्यावी, न दुखल्यास घेऊ नये. वेदनाशामक गोळी गरज नसता दिवसेंदिवस पोटात गेली, तर जठराला आणि मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो. तीच गत ‘ओ. डी.’ची. साध्या चिठ्ठीवर त्याचा अर्थ दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मात्र तो ‘ओकुलुस डेक्स्टर’, म्हणजे उजवा डोळा, असू शकतो. शंका आली तर औषधवाल्याला दोनदा विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

कोर्टाच्या कागदांत मात्र लॅटिन ठाण मांडून बसली आहे. खुद्द इंग्लंडात २५ मार्च १७३३ पासून न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालावे असा कायदा अमलात आला; परंतु रुळलेले पारिभाषिक शब्द काही हटले नाहीत. आपल्याकडे तरी निराळे काय घडले? कंपनी सरकारने १८३७ साली फारसीला कचेऱ्यांतून निरोप देण्याचा कायदा केला. तरी ‘मजकूर’, ‘वल्द’, ‘वारस’, ‘हक्क’ हे फारसीच्या हाताने आलेले अरबी शब्द मराठी दस्तऐवजांत राहिलेच, आणि पेन्शनर आजही ‘हयातीचा दाखला’ देतात. राज्य जाते, भाषा जाते, पण कारकुनाच्या लेखणीत बसलेला शब्द जात नाही. वकिलाच्या पाटीवरील ‘एलएल. बी.’मधील दोन एल पाहा. लॅटिन संक्षेपात अक्षर दोनदा लिहिले की अनेकवचन होते. म्हणून ते ‘कायद्यांचा’ पदवीधर.

या शब्दांपैकी दोन प्रत्येक कुटुंबप्रमुखाने पाठ करावेत, असे आमचे मत आहे. पहिला ‘एक्स पार्टी’, म्हणजे एका पक्षापुरते. आपण याला ‘एकतर्फी’ म्हणतो, आणि त्यातली ‘तरफ’ही अरबीच. इंग्लंडातील दिवाणी नियमांनी १९९९ साली हा शब्द काढून ‘सूचनेविना’ असा सरळ इंग्रजी प्रयोग आणला; आपल्याकडे तो चालूच आहे. समन्स आले, ते दिवाणावर पडून राहिले, तारखेला कोणी गेले नाही, तर न्यायाधीश समोरच्याचेच ऐकून हुकूमनामा देऊ शकतो. गैरहजेरीचे सबळ कारण दाखवून तो रद्द करून घेता येतो, पण मुदत ३० दिवसांची. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनामा कळल्या दिवसापासून.

दुसरा ‘स्टेटस को’. जागेच्या तंट्यात हा हुकूम मिळाला की आपली माणसे पेढे वाटतात. त्यांनी अर्थ पाहावा: ‘आज आहे ती स्थिती’. शेजाऱ्याने काल रात्री आपली भिंत पाडली असेल आणि आज हा हुकूम झाला, तर पडलेली भिंत हीच ‘आहे ती स्थिती’ ठरण्याचा संभव असतो. भिंत पुन्हा उभी राहावी असे वाटत असेल, तर ‘स्टेटस को अँटी’, म्हणजे पूर्वीची स्थिती, असे मागावे लागते. हा ‘अँटी’ विरोधाचा नव्हे, ‘आधी’ या अर्थाचा, ‘ए. एम.’मधील ‘ए’ तोच, मध्यान्हाच्या आधी. एका शब्दाच्या अंतरात घराची भिंत जाते.

शेवटी ‘हेबियस कॉर्पस’. आपल्या राज्यघटनेच्या ३२ व्या आणि २२६ व्या अनुच्छेदांत हे शब्द आहेत. पकडून ठेवणारास उद्देशून आज्ञा, ‘त्याचा देह हजर कर’. मराठीत त्याला ‘देहोपस्थिती’ म्हणतात. माणूस सरकारने धरला असो की आणखी कोणी, त्याला कोर्टापुढे उभा करून का धरला ते सांगावे लागते. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरविले की, त्या काळापुरता स्थानबद्धास हा अर्ज करण्याचा अधिकार नाही. ते एक विरोधी मत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचे. १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. १९७६ चा तो निकाल मात्र सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून चुकीचा म्हणून मोडीत काढला तो २०१७ साली. तोवर खन्नासाहेब हयात नव्हते.